पेन्सिलीचा आकडा आणि शाईचा आकडा : संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांचे संशोधन

महिन्याचा पहिला आठवडा, पेन्शनची रांग दारापर्यंत आलेली, आणि नेमकी त्याच वेळी शाखेची 'लिंक' जाते, हा अनुभव बँकेत जाणाऱ्या प्रत्येकाने घेतला असेल. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून आम्ही तो शेकडो वेळा घेतला आहे. लिंक गेली की बोलणी आम्हालाच खावी लागतात. परंतु ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, अशी एक गोष्ट याहून कितीतरी अधिक वेळा घडत असते. वाटेतली एखादी तार तुटते, एखादे केंद्र बंद पडते, आणि तरीही आपला व्यवहार दुसऱ्या वाटेने जाऊन पुरा होतो. रांगेतल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. ही दुसरी वाट कोण शोधते? माणूस तर शोधत नाही. जाळ्याच्या सांध्यासांध्यावर बसवलेली यंत्रे ती शोधतात, आणि त्यांपैकी फार मोठ्या संख्येने यंत्रे ज्या रीतीने शोधतात, ती रीत १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅम शहरातील एका कॉफीगृहाच्या ओसरीवर, कागद-पेन्सिलही हाती न घेता, सुमारे वीस मिनिटांत तयार झाली. ती ज्यांनी शोधली, ते डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा. प्रस्तुत लेखात त्यांच्या संशोधनाचा परिचय करून देण्याचा प्रयत्न आम्ही करीत आहोत.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. गणिताशी आमचा संबंध बेरीज-वजाबाकी आणि दिवसअखेरच्या मेळापुरता. तरीही हे धाडस करण्याचे कारण असे की, संध्याकाळी अभ्यासिकेत येणारे विद्यार्थी वारंवार एकच प्रश्न विचारतात. घरी संगणक नाही, मग संगणकशास्त्र आम्हाला कसे जमणार? या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा एका माणसाचे काम उलगडून दाखवावे असे आम्हाला वाटले. विद्यार्थी मित्रांनी पेन्सिल आणि शाईचे पेन, दोन्ही जवळ घेऊन पुढील मजकूर वाचावा. दोन्ही कशासाठी, ते लवकरच कळेल.

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितज्ञ. त्रिकोणमिती अवघड आहे का, असे मुलाने विचारले तेव्हा आईने सांगितले होते की, सूत्रे नीट पाठ असावीत, आणि सिद्धतेला पाच ओळींहून अधिक लागू लागल्या तर वाट चुकली असे समजावे. ही पाच ओळींची शिस्त पुढे आयुष्यभर टिकली. शाळेत असताना मात्र मुलाचा विचार कायदा शिकावा आणि संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे असा होता. विज्ञान-गणितात गुण उत्तम मिळाले, म्हणून लायडन विद्यापीठात जाऊन त्यांनी सैद्धांतिक भौतिकशास्त्र घेतले. १९५१ साली वडिलांच्या प्रोत्साहनाने ते इंग्लंडमध्ये केंब्रिजला तीन आठवड्यांच्या एका वर्गास गेले. तेथे एडसॅक नावाच्या संगणकासाठी आज्ञावली कशी लिहावी, हे शिकवीत असत. हे ऐकून अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्राचे आद्रियान व्हान वाइनगार्डन यांनी त्यांना नोकरी देऊ केली, आणि मार्च १९५२ पासून ते तेथे अर्धवेळ प्रोग्रामर म्हणून काम करू लागले. नेदरलँड्समध्ये या पदावर नेमला गेलेला हा पहिला मनुष्य.

पहिला असण्यात मान असतो, तशी पंचाईतही असते. भौतिकशास्त्र हे शास्त्र होते. प्रोग्रामिंगला पुस्तक नव्हते, परंपरा नव्हती, प्रतिष्ठा नव्हती. शेजारी बसलेला यंत्रतज्ज्ञ आपल्या विद्येविषयी चार प्रश्नांची उत्तरे देऊ शकत होता. आपल्याला कोणी विचारले तर आपण काय सांगणार, ही टोचणी डायक्स्ट्रांना लागून राहिली. ती त्यांनी व्हान वाइनगार्डन यांच्यापुढे मांडली. संगणक आता जाणार नाहीत, ही तर सुरुवात आहे, या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांपैकी तुम्हीच एक का होऊ नये, अशा अर्थाचे उत्तर मिळाले, आणि निर्णय झाला. समाजाने मात्र तो इतक्यात मानला नाही. १९५७ साली डायक्स्ट्रांचा विवाह झाला. वधू रिया डेबेट्स या त्याच गणित केंद्रात हाताने आकडेमोड करणाऱ्या मुलींपैकी एक. नोंदणीच्या कागदावर धंदा लिहावा लागतो. वराने 'प्रोग्रामर' असे सांगितले. असा धंदाच अस्तित्वात नाही, म्हणून नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी तो लिहून घेण्यास नकार दिला. शेवटी त्या रकान्यात 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असे लिहिले गेले. जे काम आपण करतो त्याला कागदावर नाव नसणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या प्रसंगाची अधिक टीका नको.

आता त्या ओसरीकडे वळू. १९५६ साली गणित केंद्रात आर्माक नावाचा नवा संगणक सुरू व्हायचा होता आणि त्याचे प्रात्यक्षिक जनतेला दाखवायचे होते. प्रश्न असा हवा होता की, गणित न येणाऱ्यालाही तो कळेल आणि उत्तर बरोबर आहे की नाही, हेही त्याला पाहता येईल. डायक्स्ट्रांनी प्रश्न निवडला तो असा : एका शहराहून दुसऱ्या शहरास जाण्याची सर्वांत जवळची वाट कोणती? त्यांनी नेदरलँड्सच्या नकाशावरील ६४ शहरे घेतली. चौसष्टच का, तर दोनाचा सहावा घात चौसष्ट. संगणकाच्या भाषेत प्रत्येक शहराला सहा बिटांत नाव देता येते. रिया यांच्याबरोबर खरेदी करून दमल्यावर दोघे कॉफी पिण्यास बसले असता त्यांनी हा प्रश्न मनात फिरवला आणि तेथेच तो सुटला. जवळ कागद नव्हता हे बरेच झाले, असे ते पुढे म्हणत. कागद नसला की टाळता येण्याजोगा सगळा गुंता टाळावाच लागतो.

ही रीत समजण्यासाठी आपण पाच काल्पनिक गावे घेऊ : अ, ब, क, ड आणि इ. त्यांच्यामधील रस्ते किलोमीटरमध्ये असे : अ ते ब ७, अ ते क ३, क ते ब २, क ते ड ८, ब ते ड २, ब ते इ ९, आणि ड ते इ ४. आपल्याला अ गावाहून इ गावास जायचे आहे. कागदावर गावे व रस्ते काढून घ्यावेत.

नियम एवढाच की, ज्या अंतराविषयी अजून खात्री नाही ते पेन्सिलीने लिहायचे, आणि ज्याविषयी खात्री झाली ते शाईने. हे पेन्सिल-शाईचे रूपक आमचे आहे, डायक्स्ट्रांचे नव्हे. लेजरवर आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार! अ पासून अ चे अंतर शून्य, ते शाईने. अ मधून दोन रस्ते निघतात, म्हणून ब वर पेन्सिलीने ७ आणि क वर पेन्सिलीने ३ लिहा. आता पेन्सिलीच्या आकड्यांत सर्वांत लहान कोणता? क चा ३. तो शाईने पक्का करा. मग क मध्ये उभे राहून पाहा. क वरून ब ला गेलो तर ३ अधिक २ म्हणजे ५. ब वर पेन्सिलीचे ७ होते, ते खोडा आणि ५ करा. क वरून ड ला ३ अधिक ८ म्हणजे ११, ते पेन्सिलीने. आता सर्वांत लहान ब चा ५, तो शाईने. ब मधून ड ला ५ अधिक २ म्हणजे ७. ड वरचे ११ खोडून ७ करा. ब मधून इ ला ५ अधिक ९ म्हणजे १४, ते पेन्सिलीने. आता लहान ड चा ७, तो शाईने. ड मधून इ ला ७ अधिक ४ म्हणजे ११. १४ खोडा, ११ लिहा, आणि उरलेले एकच गाव म्हणून ते शाईने पक्के करा. वाट निघाली अ, क, ब, ड, इ, आणि अंतर ११. नकाशाकडे पाहिले तर ही वाट सर्वांत वळणाची दिसते, कारण ती एकही गाव सोडत नाही. अ वरून थेट ब आणि ब वरून थेट इ असे सरळ गेलो असतो तर १६ पडले असते.

येथपर्यंत रीत झाली. शास्त्र पुढे आहे. क चा ३ आपण शाईने लिहिला, तेव्हा क कडे जाणारे सगळे रस्ते आपण तपासले नव्हते. मग शाईने लिहिण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? उद्या एखादी आडवाट सापडली आणि क दोनच किलोमीटर निघाला तर? उत्तर असे की, तसे होऊच शकत नाही. क ला दुसरी कोणतीही वाट जात असेल तर तिला आधी पेन्सिलीच्या दुसऱ्या एखाद्या गावातून जावे लागेल, येथे ब मधून. आणि तेथे पोहोचतानाच आपले ७ झालेले असतील. तेथून पुढे अंतर वाढेल किंवा फार तर तेवढेच राहील. कमी होणार नाही. म्हणून पेन्सिलीतला सर्वांत लहान आकडा हा नेहमीच पक्का असतो. सगळे रस्ते न पाहता खात्री देता येते, ही या शोधाची खरी किंमत आहे. प्रत्येक वाट मोजून पाहू लागलो तर चौसष्ट शहरांच्या नकाशावर वाटांची संख्या आवाक्याबाहेर जाते. या रीतीने काम साधारणपणे शहरांच्या संख्येच्या वर्गाएवढे, म्हणजे चौसष्टचा वर्ग ४,०९६, याच पटीत राहते.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. वरची सिद्धता 'पुढे अंतर कमी होणार नाही' या एका आधारावर उभी आहे. समजा अंतराऐवजी खर्च मोजत आहोत, आणि ब कडून क कडे जाणाऱ्यास उलट ६ रुपये मिळतात. मग अ, ब, क ही वाट ७ वजा ६ म्हणजे १ रुपयात पडते, आणि आपण शाईने लिहिलेला ३ चुकीचा ठरतो. उणे आकडे आले की ही रीत वापरायची नाही, तेथे बेलमन आणि फोर्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी, अधिक वेळ घेणारी रीत वापरावी लागते. परीक्षेत रीत लिहून पूर्ण गुण घेणारे पुष्कळ असतात. ती कोठे चालत नाही हे सांगणारे थोडे.

एवढा शोध लावून डायक्स्ट्रांनी तो तीन वर्षे छापलाच नाही. त्या काळी अशा रीतींना गणित मानायला गणिती तयार नव्हते, आणि त्या छापाव्यात असे नियतकालिकही नव्हते. १९५९ साली जर्मनीत नुमेरिशे माथेमाटिक हे नवे नियतकालिक निघाले, त्याच्या पहिल्याच खंडात तो प्रसिद्ध झाला. निबंध अवघा तीन पानांचा, आणि तीन पानांत एक नव्हे तर दोन प्रश्न सोडवलेले. दुसरा प्रश्न यंत्र जोडणाऱ्या सहकाऱ्यांच्या गरजेतून आला होता. एक्स-१ नावाच्या संगणकाच्या मागच्या फळीवर अनेक टोके एकमेकांस जोडायची होती आणि त्यासाठी तांब्याची तार कमीत कमी लागावी अशी अपेक्षा होती. जाळे सर्वांना जोडणारे हवे, पण त्यात एकही फेरा नको. याचीही रीत पहिलीसारखीच, हावरट म्हणावी अशी : आतापर्यंत जोडलेल्यांना न जोडलेल्यांशी सांधणारी सर्वांत आखूड तार घ्या, आणि हेच करीत राहा. न्यायासाठी सांगितले पाहिजे की, ही दुसरी रीत १९३० साली झेक गणिती व्होइतेख यार्निक यांना आणि १९५७ साली अमेरिकेतील रॉबर्ट प्रिम यांना स्वतंत्रपणे सापडलेली होती. ज्याचे श्रेय त्याला मिळावे.

पुढील दहा वर्षांचे काम मोठे आहे. आम्ही त्यातील थोडेच घेतो. १९५९ साली त्यांना अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. १९६० साली याप झोनेव्हेल्ड यांच्यासमवेत त्यांनी अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर, म्हणजे त्या भाषेतील आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारी आज्ञावली, पुरी केली. काम संपेपर्यंत दाढी करायची नाही, असे दोघांनी ठरवले होते म्हणतात. झोनेव्हेल्ड यांनी नंतर काढली, डायक्स्ट्रांनी ठेवली ती कायमची. १९६२ साली ते आइंडहोव्हेनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले.

तेथील एक काम बँकेत नोकरी करणाऱ्याला चटकन कळते. समजा, एका संयुक्त खात्यात ५,००० रुपये शिल्लक आहे. नवरा एका शाखेत ३,००० काढतो आणि त्याच क्षणी बायको दुसऱ्या शाखेत ३,००० काढते. दोन्ही काउंटरवरील यंत्रे शिल्लक वाचतात, दोघांना ५,००० दिसतात. दोघे ३,००० वजा करतात आणि दोघे २,००० लिहून ठेवतात. बँकेतून ६,००० गेले आणि पुस्तकात २,००० शिल्लक! चूक कोणत्याही एका यंत्राची नाही. चूक दोघांनी एकाच वेळी हात घातल्याची आहे. एकाचे वाचणे आणि लिहिणे पुरे होईपर्यंत दुसऱ्याने थांबले पाहिजे. थांबायचे कसे, आणि थांबता थांबता दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकू नयेत हे कसे साधायचे, यावर १९६५ साली त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. यासाठी त्यांनी जे साधन दिले त्याचे नाव सेमाफोर. शब्द रेल्वेचा. स्टेशनाबाहेर ज्याचा हात वर-खाली होत असे तो जुना सिग्नल वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. पुढची गाडी ब्लॉकमधून बाहेर पडल्याशिवाय मागची आत येत नाही, तोच हा न्याय.

याच सुमारास त्यांचे एक मत ठाम झाले. आज्ञावली लिहायची, चालवून पाहायची, चुका सापडतील तशा दुरुस्त करायच्या, ही पद्धत त्यांना मान्य नव्हती. चाचणीने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे दाखवता येत नाही, असे ते सांगत. कारकुनाला हे सांगायला संगणकशास्त्रज्ञ लागत नाही! दिवसाचा मेळ जमला म्हणजे सगळे बरोबर, असे बाहेरच्यांना वाटते. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि मेळ जमलेला दिसतो, हे आम्ही एकदा रात्री साडेनऊपर्यंत बसून शिकलो. एका खात्यात जमा व्हायची रक्कम दुसऱ्याच खात्यात जमा झाली होती. बेरीज बरोबर, आणि दोन्ही खाती चूक. म्हणून बरोबर असण्याचे कारण आधी मांडता आले पाहिजे, आज्ञावली त्या कारणाच्या हातात हात घालून लिहिली पाहिजे, असा डायक्स्ट्रांचा आग्रह. मार्च १९६८ मधील त्यांचे 'गो टू' या आज्ञेविरुद्धचे पत्र याच आग्रहातून आले. आज्ञावलीत कोठूनही कोठेही उडी मारू दिली की, आत्ता आपण कोठे आहोत आणि येथवर काय काय खरे ठरले आहे, हे सांगता येत नाही, म्हणजे शाईने काहीच लिहिता येत नाही. १९७२ साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च असे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणाचा विषय प्रोग्रामरने अंगी बाणवण्याची नम्रता हा होता. आपली डोक्याची कवटी किती लहान आहे हे ओळखून, तिच्यात मावेल एवढेच एका वेळी हाती घ्यावे.

नम्रतेवर बोलणारा हा माणूस बोलण्यात मात्र फारसा नम्र नव्हता, हेही लपवू नये. कोबोल ही भाषा शिकवणे हा फौजदारी गुन्हा समजावा, अशा अर्थाचे त्यांनी १९७५ साली लिहून ठेवले आहे. जगातील कितीतरी बँकांचे हिशेब त्याच कोबोलने वर्षानुवर्षे सांभाळले. त्या आज्ञावल्या लिहिणारे कोणी गुन्हेगार नव्हते, पोटासाठी नीट काम करणारी माणसे होती. डायक्स्ट्रांचा तर्क आम्हाला पटतो, टोमणा पटत नाही.

१९७४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक निबंध अवघा दोन पानांचा आहे, आणि तो बराच काळ कोणी फारसा वाचलाही नाही. आमच्या अल्पबुद्धीला तो त्यांच्या सर्व कामांत अधिक विलक्षण वाटतो. प्रश्न असा : जाळ्यात अनेक यंत्रे आहेत, वर कोणी साहेब नाही, प्रत्येकाला फक्त शेजारी दिसतो. एका वेळी एकाचीच पाळी असावी असा नियम आहे. काही बिघाडाने सगळी घडी विस्कटली तर बाहेरून कोणी न येता ती आपोआप पुन्हा बसेल काय?

अभ्यासिकेत हा प्रयोग करून पाहता येतो. पाच मुलांना वर्तुळात बसवा आणि प्रत्येकाच्या हाती शून्य ते पाच यांपैकी एका आकड्याची पाटी द्या. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत नियम असा : डाव्या शेजाऱ्याचा आकडा माझ्याहून वेगळा असेल तर माझी पाळी आहे, पाळी आली की त्याचा आकडा उतरवून घ्यायचा. पहिल्या मुलाचा नियम उलटा : पाचव्याचा आणि माझा आकडा सारखा असेल तर माझी पाळी, मी माझा आकडा एकने वाढवायचा, पाचच्या पुढे पुन्हा शून्य. सर्वांकडे २ असेल तर पाळी फक्त पहिल्याची. तो ३ करतो. मग पाळी दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, अशी ती टोकनसारखी फिरत राहते. आता मुद्दाम घोळ घाला. पाट्यांवर ४, १, १, ३, ० असे आकडे लिहा. दुसरा, चौथा आणि पाचवा, तिघांचीही पाळी! कोणीही रागावू नका, काही सांगू नका, एका वेळी एकाला त्याचा नियम पाळू द्या. दुसऱ्याने ४ केले, तिसऱ्याने ४ केले, चौथ्याने, मग पाचव्याने ४ केले, की पुन्हा एकट्या पहिल्याची पाळी उरते. मुलांचा क्रम बदला, सुरुवातीचे आकडे बदला. काही चालींनंतर पाळी एकाचीच राहते, आणि एकदा तशी झाली की पुन्हा बिघडत नाही. संपूर्ण वर्तुळ कोणालाच दिसत नाही, तरी संपूर्ण वर्तुळ सुधारते. लेस्ली लॅम्पोर्ट या नामवंत संगणकशास्त्रज्ञांनी १९८३ साली एका परिषदेत या उपेक्षित निबंधाचा गौरव केला, तेव्हा लोकांचे लक्ष तिकडे गेले आणि त्यातून संशोधनाची एक स्वतंत्र शाखाच उभी राहिली.

आता जवळच्या वाटेची रीत संगणकांच्या जाळ्यात कशी शिरली, ते पाहू. यात डायक्स्ट्रांचा स्वतःचा हात नाही; त्यांच्या तीन पानांचा आहे. अमेरिकेत १९६९ साली आर्पानेट हे जाळे चार केंद्रांनिशी सुरू झाले. त्यातील प्रत्येक केंद्र शेजाऱ्याला विचारी, अमुक ठिकाण तुझ्यापासून किती लांब? आणि शेजारी सांगेल त्यात आपले अंतर मिळवून मोकळे होई. सर्व ठीक असताना हे चालते. पण समजा, ख ला क मार्गे द गावाला जायचे असते. क ते द एक मैल, म्हणून ख च्या वहीत दोन मैल. क-द रस्ता तुटला. क ने ख ला विचारले. ख म्हणाला, माझ्याकडून दोन मैल. क ने तीन लिहिले. ते पाहून ख ने चार केले, मग क ने पाच. रस्ता अस्तित्वात नाही, आणि दोघे एकमेकांच्या भरवशावर आकडे वाढवीत बसले आहेत, निरोप दोघांमध्ये येरझाऱ्या घालतो आहे. अफवा गावात अशीच टिकते. ऐकीव आकडा कधी शाईने लिहायचा नसतो. १९७९ साली आर्पानेटने रीत बदलली, आणि ती बदलणारे अभियंते मॅक्विलन, रिचर आणि रोझेन यांनी १९८० साली तिच्यावर निबंध लिहिला. नव्या रीतीत प्रत्येक केंद्र फक्त आपल्या स्वतःच्या रस्त्यांची स्थिती सर्वांना कळवते. तेवढे त्याने स्वतः मोजलेले असते. त्यावरून प्रत्येक जण संपूर्ण नकाशा तयार करतो आणि डायक्स्ट्रांच्या रीतीने वाटा स्वतः काढतो. याच विचारावर १९८९ साली ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट या नियमावलीचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला, १९९८ साली तिची सुधारित आवृत्ती आली, आणि मोठमोठ्या संस्थांच्या अंतर्गत जाळ्यांत राउटर नावाची यंत्रे आजही तिच्यानुसार काम करतात.

डायक्स्ट्रांनी १९७३ पासून बरोज या संगणक कंपनीचे संशोधक म्हणून नूनेन येथील आपल्या घरी बसून काम केले, आणि १९८४ ते १९९९ ते अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक होते. संगणकशास्त्राला वळण देणारा हा माणूस स्वतः लिहीत असे तो शाईच्या पेनाने. सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या, आपल्या नावाची आद्याक्षरे व क्रमांक घातलेल्या तेराशेहून अधिक टिपणांच्या छायाप्रती ते मोजक्या लोकांना टपालाने पाठवीत. ते लोक पुढे आणखी प्रती काढून वाटत. २००२ साली वितरित संगणनाच्या परिषदेने त्या १९७४ च्या दोन पानी निबंधास पुरस्कार दिला. ६ ऑगस्ट २००२ रोजी नूनेन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षापासून त्या पुरस्कारालाच डायक्स्ट्रा पारितोषिक असे नाव देण्यात आले.

विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण देऊन थांबतो. आपल्या पाच गावांच्या नकाशात ब आणि ड यांच्यामधला पूल पावसात वाहून गेला असे समजा. बाकीचे रस्ते तसेच आहेत. अ पासून इ पर्यंतची जवळची वाट पुन्हा काढा, पहिला कागद न पाहता. कोणता आकडा कोणत्या क्रमाने शाईने लिहिला, तेही शेजारी मांडा. एखादी तार तुटल्याची बातमी आली की, राउटर आपला नकाशा दुरुस्त करून हेच उदाहरण नव्याने सोडवीत असतो, फक्त गावे अधिक असतात. आपले उत्तर १४ आले पाहिजे. १५ आले असेल तर इ चा आकडा दोन वाटांपैकी एकच पाहून शाईने लिहिला गेला आहे; तो खोडता येणार नाही, कोरा कागद घ्यावा.